मामांच्या विरजणाची वंशावळ

प्लोव्हदिव्ह,
संत दिमितारचा सण होऊन गेल्यावरचा मंगळवार

परमपूज्य (आणि तितकेच परमहट्टी) स्तामेनमामा यांच्या उजव्या हाताचा आणि वेलिकामामीच्या दोन्ही गालांचा मुका घेऊन भाची देनित्सा हिचा नमस्कार विनंती विशेष.

आपले गुडघे कसे आहेत? पाऊस येणार असला की उजवा दुखतो आणि पाहुणे येणार असले की डावा, असं आपण मागं म्हणाला होतात. आई म्हणते हल्ली दोन्ही एकदम दुखतात, म्हणजे भिजलेले पाहुणे येणार असावेत. मेंढ्या डोंगरावरून खाली उतरल्या का? मामीचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आपण सहा महिने माझ्याशी बोलत नाही आहात हे मला ठाऊक आहे, आणि फोन न करता पत्र लिहिते आहे ते म्हणूनच. फोन मध्येच ठेवून देता येतो. पत्र फार तर चुलीकडे भिरकावता येतं, आणि तेवढ्यात मामी झेलेल. घरात चष्मा एकच आणि तोही मामीच्या नाकावर, तेव्हा हे सगळं मामीच आपल्याला मोठ्यानं वाचून दाखवत असणार हे धरूनच लिहिते आहे. (मामी, कंसातलं गाळलंस तरी चालेल.)

आधी बातमी सांगते, म्हणजे मामीला पुढचं वाचायला हुरूप येईल. मामा, मी जिंकले! माझी प्रयोगशाळा बंद होणार नाही. जानेवारीत संस्थेनं मला लेखी कळवलं होतं की जनुकं कापायचा आणि जनुकं मोजायचा जो खेळ मी एकोणीस वर्षं मांडला आहे, त्याचा कोणाला काही उपयोग आहे असं ऑक्टोबरात येणाऱ्या समितीला दिसलं नाही, तर वर्षाच्या शेवटच्या दिवशी दाराला कुलूप लागेल. मिंचोला (माझा तंत्रज्ञ, साठीला आलाय, मिशा तुमच्यासारख्या आणि स्वभावही) घरी पाठवतील आणि मला पहिल्या वर्षाच्या मुलांना बेडूक शिकवायला. समिती आली, तिनं पाहिलं, आणि अध्यक्षांची पँट मागे ठेवून परत गेली. पँटचं पुढं येईलच. आत्ता एवढंच सांगायचं की हा विजय माझा नाही, तुमचा आहे, आणि हे मी नम्रपणानं म्हणत नाही, पुराव्यानिशी म्हणते आहे.

माझ्या कामाबद्दल आपलं मत अख्ख्या गावाला पाठ आहे. “न दिसणारं काहीतरी, न दिसणाऱ्या कात्रीनं कापते, आणि पगारही न दिसणारा घेते.” माझ्या लग्नात आपण भाषण म्हणून एवढंच बोललात आणि बसलात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यात माझ्या सासरचेही होते. जर्मनीत तीन वर्षं काढून मी परत आले तेव्हाही आपला पहिला प्रश्न होता, “काय केलंस म्हणून हाकललं?” मी सांगत होते की कोणी हाकललं नाही, मलाच यायचं होतं, तर आपण मामीकडे वळून म्हणालात, “काहीतरी मोठं केलंय. सांगत नाही.” त्यानंतर मी दर सुट्टीत आपल्याला जनुकसंपादन समजावून सांगत आले आणि आपण दर सुट्टीत मला मेंढीचे खूर कापायला बसवत आलात, कारण कापायचंच तर दिसेल असं काहीतरी काप. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

खरं सांगायचं तर सुरुवातीच्या वर्षांत आपलं काही फार चुकत नव्हतं. पहिली सहा वर्षं मी पावसात न तडकणारा टोमॅटो करण्यात घालवली. त्याच्या एका जनुकात एवढासा काप द्यायचा, बस्स. सातशे रोपं केली. सहाशे नव्याण्णव मेली. सातशेव्याला एक, फक्त एक, लालबुंद टोमॅटो लागला, मी आनंदानं रडले, आईला फोन करायला बाहेर गेले आणि परत आले तर मिंचोनं तो काकडीबरोबर चिरून वर चीज किसून खाल्ला होता. (“चव चांगली होती,” एवढं शास्त्रीय निरीक्षण त्यानं नोंदवहीत लिहिलं. त्या टोमॅटोबद्दलची ती एकमेव नोंद.) संपादित केलेलं काहीही प्रयोगशाळेच्या दाराबाहेर जाता कामा नये असा नियम आहे आणि पोटातून जाणं हेही बाहेर जाणंच, म्हणून मोठी चौकशी झाली. शेवटी शिक्षा म्हणून मिंचोलाच सुरक्षा अधिकारी नेमलं. चोराला चौकीदार केलं की तो जितका कडक होतो त्याच्या दुप्पट मिंचो झाला. आता तो माझ्याही डब्याची झडती घेतो.

मग मी संगणकाकडे वळले. कापण्याआधी नीट वाचावं, हे शहाणपण मला चाळिशीत आलं. एखाद्या जिवाणूची जनुकं वाचायची म्हणजे जाडजूड पोथीची पानं फाडून, चुरा करून, पोत्यात भरून कोणीतरी आपल्याला दिलेली आणि आपण ती पुन्हा ओळीनं लावायची. हे काम आमचं यंत्र करतं. एकेका हिशेबाला एकोणीस दिवस घेतं आणि त्या काळात पाठीमागून छान गरम हवा सोडतं. मिंचोनं या गरम हवेवर मिरच्यांच्या माळा वाळवायला सुरुवात केली. मी दोन वर्षं दुर्लक्ष केलं, कारण मिरच्या खरंच चांगल्या वाळत होत्या आणि निम्म्या मला मिळत होत्या. तिसऱ्या वर्षी हिशेबाच्या सतराव्या दिवशी एक मिरची आत ओढली गेली, पंख्यात बी अडकलं आणि खोलीभर असा खकाणा उठला की आम्ही दोघं आणि यंत्र, तिघंही एकदमच बंद पडलो. अशा रीतीनं माझी कीर्ती संस्थेत पसरत होती, तेव्हा जानेवारीच्या त्या पत्राचं मला आश्चर्य वाटलं नाही, फक्त वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, मामा. मी कोणाला सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात मी रोज प्रयोगशाळेच्या खिडक्या पुसत होते.

आणि मार्चात आपल्या गावच्या दुग्धालयात दही लागेनासं झालं. तिसऱ्यांदा पिंपंच्या पिंपं ओतून दिल्यावर व्यवस्थापकानं मला फोन केला. (मी तज्ज्ञ म्हणून नव्हे, गावातली शिकलेली माणसं आठवताना पशुवैद्याचा फोन लागला नाही म्हणून.) तुम्ही तर निदान आधीच करून ठेवलं होतंत: शेजारच्या झाफिराकाकूंची नजर. त्यांचं नाव निघालं की तुम्ही आजही खांद्यावरून तीनदा थुंकता. छत्तीस वर्षांपूर्वी तुमच्या मेंढ्यांचं दूध आटलं आणि कुंपणापलीकडे त्यांच्या मेंढ्यांचं वाढलं, त्या दिवसापासून तुम्ही त्यांच्याशी बोललेला नाहीत. काकू दुधाची बरकत चोरतात, त्यांचं दही म्हणजे तुमच्या दह्याची चोरी, हे तुम्ही रोज एकदा तरी म्हणता. मी काही नजर तपासली नाही, पिंपातला नमुना तपासला. विरजणालाही रोग होतो, मामा. जिवाणूंना मारणारे विषाणू असतात, आणि दुग्धालय बाहेरून जे तयार विरजण पाकिटातून मागवतं ते या नव्या विषाणूपुढं तासाभरात आडवं होत होतं. पण त्याच गावात, त्याच दुधाचं, तुमच्या मडक्यातलं दही सुरीनं कापावं असं घट्ट लागत होतं. का, हे मला पाहायचं होतं. त्यासाठी एक चमचा विरजण हवं होतं.

आता माझी चूक. शास्त्रज्ञाला रजा मिळते ती सणालाच, म्हणून मी नेमकी संत गेओर्गीच्या दिवशी आले. त्या दिवशी घरातून मीठ, विस्तव, विरजण काही म्हणजे काही उंबऱ्याबाहेर द्यायचं नसतं, दिलं तर वर्षाचं दूध त्याच्यामागोमाग चालतं होतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण एकोणीस वर्षं जनुकं कापली की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला चालेल.

“आज?” तुम्ही ओरडलात. “आजच्या दिवशी? प्लोव्हदिव्हात दह्याचा दुष्काळ पडलाय का गं?”

“दही नको मामा, विरजण. एक चमचा फक्त.”

“एकच चमचा! त्या बयेनंही असाच एक चमचा उचलला असेल!” आणि कुंपणाकडे तोंड करून तीनदा थुंकलात.

मग तुम्ही पुढच्या फाटकाशी स्टूल टाकून बसलात आणि जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे हात पाहायला लागलात. (पाद्रीबाबांचेही पाहिलेत. त्यांच्या हातात कोकराची तंगडी होती, म्हणून सुटले.) मामी स्वयंपाकघरात आली, माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी काही देत नाही आणि मी काही पाहत नाही. मी भट्टीतलं कोकरू बघायला चाललेय. मडकं फळीवर आहे,” आणि गेली. मामा, मी घेतलं. एक चमचा. नळीत घातलं, नळी मोज्यात घातली आणि मागच्या कुंपणाची एक फळी सरकवून बाहेर पडले. ती फळी इतकी अलगद सरकली की मला वाटलं आपण बिजागरी बसवली आहे. पलीकडे मी थेट झाफिराकाकूंच्या कांद्याच्या वाफ्यात पडले.

“स्तामेनकडून पळून आलीस?” काकू म्हणाल्या. त्या तिथंच उकिडव्या बसून गवत काढत होत्या. “काय चोरलंस?”

मी खरं सांगितलं. त्यावर त्या हसायला लागल्या. हसता हसता पालथ्या बादलीवर बसल्या, एप्रनच्या टोकानं डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मग उठून त्यांनी आपल्या मडक्यातलंही चमचाभर विरजण मला दिलं. आजच्या दिवशी देताय, म्हटलं, तर म्हणाल्या, “ने गं. माझं काही कुठं जात नाही.” शास्त्रात तुलनेला दुसरा नमुना लागतोच, म्हणून मी घेतलं. तुम्हाला मडक्यातली मोडलेली साय संध्याकाळी दिसली आणि दुसऱ्याच दिवशी मेंढीनं लाथ मारून चरवी सांडली, हे मला आईकडून कळलं. सहा महिन्यांचा अबोला मी मान्य करते. चोरी ती चोरीच.

पण चोरीचं फळ ऐका. तुमच्या मडक्यातले जिवाणू वाचायला यंत्रानं एकोणीस दिवस घेतले (मिरच्यांना मनाई होती) आणि विसाव्या दिवशी सकाळी मी खुर्चीवरून उठून मिंचोला मिठी मारली. विषाणू आला आणि जिवाणू त्यातून वाचला, की तो त्या विषाणूचा एक तुकडा कापून स्वतःच्या जनुकांत जपून ठेवतो. पुढचा आला की त्याचा तुकडा त्याच्यापुढं. अशी ओळीनं यादीच असते, आणि ती पोरांना, नातवंडांना, पतवंडांना जशीच्या तशी मिळते. तोच विषाणू पुन्हा आला की यादीत बघून ओळखायचा आणि कापायचा. (आपल्या गावात कोणाचं कोणाशी कधी वाजलं हे तिसऱ्या पिढीलाही पाठ असतं, तसंच.) आम्ही प्रयोगशाळेत वापरतो ती न दिसणारी कात्री मूळची यांचीच, मामा, आम्ही ती यांच्याकडून शिकलो. म्हणजे ज्या कात्रीची आपण माझ्या लग्नात थट्टा केलीत, ती आपल्याच फळीवरच्या मडक्यात रोज रात्री दुधाबरोबर कामाला लागत होती! तुमच्या विरजणाच्या यादीत दुग्धालयाच्या विषाणूचं नाव होतं. तो नवा नव्हताच. तुमच्या मडक्यानं त्याला फार पूर्वी एकदा पाहिलं होतं आणि विसरलं नव्हतं.

आणि हेही सांगायलाच हवं की झाफिराकाकूंच्या मडक्यातही तीच यादी निघाली. तुमचं आणि त्यांचं विरजण एका रक्ताचं आहे. तुम्ही छत्तीस वर्षं सांगत होतात की ही दोन दही वेगळी नाहीत, ते विज्ञानानं शिक्कामोर्तब करून सिद्ध केलं. अभिनंदन.

पण समितीला नुसती यादी दाखवून चालत नाही; त्यांना वाटतं योगायोग असेल. म्हणून मी तुमच्या जिवाणूंतल्या काहींच्या यादीतून ते एकच नाव कापून काढलं. बाकी सगळं तसंच. हा माझ्या आयुष्यातला पहिला काप, जो पहिल्या झटक्यात जमला. आता दोन भांडी लावायची: दोन्हींत तेच दूध, तोच विषाणू, एकात तुमचं अख्खं विरजण, दुसऱ्यात ते एक नाव विसरलेलं. समितीसमोर दोन्ही पालथी करायची. तुम्ही गावात पैज लावून मडकं डोक्यावर पालथं धरता ना, तसंच.

समितीचे अध्यक्ष प्राध्यापक रुसिनोव्ह. उंच, कोरडे, कोणाच्या विनोदाला न हसलेले. बाकीचे दोघे त्यांच्याकडे बघून मत ठरवतात. त्या सकाळी मी घाईत निघाले आणि आईला माझ्या वाटेत शकुनाचं पाणी सांडायचं राहून गेलं. परीक्षेला किंवा प्रवासाला निघालेल्या माझ्या पायापुढं तिनं पाणी सांडलं नाही असं शाळेच्या पहिल्या दिवसापासून बेचाळीस वर्षांत झालेलं नाही, तेव्हा तिच्या जिवाची काय घालमेल झाली असेल ते आपण तिचे भाऊ, आपल्याला सांगायला नको. ती तांब्याची घागर भरून, वर फुलांची काडी खोचून, दोन बस बदलून संस्थेत आली आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर उभी राहून तिनं सगळं पाणी मनोभावे खाली सोडलं. समिती तेव्हा पहिल्या मजल्यावरून वर येत होती. रुसिनोव्ह घसरले आणि पायरीवर चांगले ऐसपैस बसले. मी वरून पाहत होते. माझी एकोणीस वर्षं त्या पायऱ्यांवरून ओघळत चाललेली मला दिसली.

“हे कोणाच्या नशिबाचं पाणी आहे?” रुसिनोव्हांनी बसल्या जागेवरून विचारलं.

“माझ्या लेकीच्या,” आई म्हणाली. “पण तुम्ही बसलात त्यात, म्हणजे आता थोडं तुमच्याही.”

ते उठले. वर आले, कंबर धरून खुर्चीत बसले आणि मला म्हणाले की दोन्हींपैकी कोणतं भांडं कोणतं ते सांगू नका, आपण स्वतः निवडणार आणि स्वतः पालथं करणार, त्याशिवाय त्याला प्रयोग म्हणत नाहीत. मी म्हटलं, सर, निदान टेबलावर करा. ते म्हणाले, “बाई, मी चाळीस वर्षं प्रयोग करतोय.” आणि मांडीवर पालथं केलं. ते विसरलेलं भांडं होतं. त्यात दही नव्हतं, दूध होतं, आणि ते सगळं मांडीवर गेलं. मग दुसरं भांडं त्यांनी उचललं, क्षणभर विचार केला आणि शेजारच्या सदस्याच्या डोक्यावर पालथं धरलं. (प्रयोग स्वतःवर एकदाच करावा, हे अनुभवानं कळतं.) एक मिनिट गेलं. दोन गेली. सदस्याच्या टकलावर थेंब पडला नाही. मामा, तुमचं दही भांड्याला असं धरून राहिलं होतं की मला त्याचा अभिमान वाटला, पोटच्या पोराचा वाटावा तसा!

विजयाचा तो क्षण मिंचोनं मोडला. तो पुढं येऊन म्हणाला, “पँट.”

“काय?” रुसिनोव्ह म्हणाले.

“पँटवर संपादित जिवाणू सांडलेत. संपादित काही या दारातून बाहेर जात नाही. नियम चार.”

“तो नियम मी लिहिलाय,” रुसिनोव्ह म्हणाले.

“मग तुम्हाला पाठच असेल,” मिंचो म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला.

रुसिनोव्ह पडद्यामागं गेले आणि मिंचोची निळी कामाची विजार घालून बाहेर आले. ती त्यांना चार बोटं आखूड होती. पँट वाफेच्या भट्टीत गेली. (लोकरीची होती. बाहेर आली तेव्हा मिंचोच्या नातवालाही झाली नसती.) त्या निळ्या विजारीत त्यांनी माझ्या प्रयोगशाळेला आणखी सहा वर्षं देणाऱ्या निकालावर सही केली. सही करताना म्हणाले, “एकोणीस वर्षं तुमचे अहवाल वाचतोय, बाई. काही कळत नव्हतं. आज मांडीला लागलं तेव्हा कळलं.” आणि हसले. ते हसले हे कोणाला खरं वाटत नाही, पण आई जिन्यावरून वर आली होती, तिनं पाहिलंय.

तर असा हा सगळा विजय. मुदत मिळाली, मिंचो राहिला, खिडक्या राहिल्या. दुग्धालयात तुमचं मूळचं, कात्री न लावलेलं विरजण चाचणीसाठी एका पिंपात घातलं आणि व्यवस्थापकानं मला फोन करून नुसताच हुंदका दिला. मामा, तुम्ही मला कायम विचारत आलात की या सगळ्याचा उपयोग काय. मला तुम्हालाच उत्तर द्यायचं होतं, समितीला नव्हे. समिती निमित्त. रागावलात तरी चालेल, पण एकदा फोन करा.

मामीला मुका, मेंढ्यांना मीठ, आपल्याला दीर्घायुष्य.

आपली आज्ञाधारक (एक चमचा वगळून) भाची
देनित्सा

ता. क. रुसिनोव्हांनी निकालावर सही करताना एक ओळ जोडली आहे: विरजणाच्या मूळ धारकाची लेखी संमती आल्यास. संमती नसेल तर निकाल रद्द, प्रयोगशाळेला कुलूप आणि मी बेडकांकडे. क्षुल्लक औपचारिकता आहे. फॉर्म सोबत जोडला आहे, सोमवारच्या पहिल्या टपालानं निघाला पाहिजे. खाली फुली केली आहे तिथं सही करावी.

ता. क. दुसरा. फॉर्मवर दोन नावं आहेत आणि तुमचं खाली आहे, हे आता दिसलंच असेल. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. दोन्ही विरजणं एका रक्ताची आहेत एवढं मी वर लिहिलं; आई कोणती आणि मुलगी कोणती ते लिहायचं राहिलं. झाफिराकाकूंच्या मडक्यात सात जातींचे जिवाणू आहेत. तुमच्या मडक्यात त्या सातांतल्या फक्त दोन. कोणी भरल्या मडक्यातून एक चमचा उचलून नेला तर त्याच्या वाट्याला एवढ्याच येतात. पण दोनांतून सात कोणी काढू शकत नाही. मी तीनदा मोजलं, मामा. चमचा कुंपणावरून अलीकडे आला, पलीकडे गेला नाही.

ता. क. तिसरा. मामी, आता चष्मा मामांना दे आणि तू मेंढ्यांकडे जा.
मामा, हे मी मामीला विचारूनच लिहिते आहे. तुम्ही लिबियात बांधकामावर होतात त्या हिवाळ्यात आपलं मडकं गोठून फुटलं. मामीनं तुम्हाला पत्रात सगळं ठीक आहे म्हणून कळवलं आणि फळी सरकवून झाफिराकाकूंकडे वाटी घेऊन गेली. तुम्ही परत आलात तेव्हा ती सांगणार होती. पण तुम्ही आल्या आल्या दोन वाट्या दही खाल्लंत, म्हणालात की दोन वर्षं या घरच्या चवीसाठी जीव तुटत होता, आणि रडलात. मामी म्हणते, रडलेल्या माणसाला काय सांगायचं? वसंतात तुम्ही काकूंना चोर म्हणालात, आणि मामीचं गुपित बाहेर पडू नये म्हणून काकू छत्तीस वर्षं गप्प बसल्या. त्यांनी ठरवलं असतं तर एका वाक्यात तुमचं तोंड बंद केलं असतं.

ता. क. चौथा आणि खरा. झाफिराकाकूंनी त्यांच्या जागी सही केली आहे. “नमुन्याच्या बदल्यात धारकाला काय हवं” असा एक रकाना असतो. दुग्धालयानं त्यात वर्षाला इतके इतके किलो चीज असं छापून दिलं होतं, ते त्यांनी खोडलं आणि पेन्सिलीनं लिहिलं: ‘स्तामेननं रविवारी दुग्धालयासमोर, सगळ्यांदेखत, माझ्या मडक्यातलं दही खावं आणि लिबियाहून आल्यावर जे म्हणाला होता तेच मोठ्यानं म्हणावं.’ ते म्हटलं जाईपर्यंत त्यांची संमती धरू नये असंही लिहिलं आहे. साक्षीदार म्हणून खाली वेलिकामामीची सही आहे.